डोक्यामागचा कूलर

मिनल भोयर भेंडी घ्यायला बसली की अर्धा तास उठत नाही, असं तिचा नवरा जितेंद्र चारचौघांत सांगतो. एकेका भेंडीचं शेपूट मोडून बघणार, उजेडात धरणार आणि मग भाजीवाल्याच्या तोंडाकडे असं बघणार, की त्या बिचाऱ्याने आपण होऊन कबुलीजबाब द्यावा. जितेंद्रला पसंत करताना मात्र तिने एवढा वेळ घेतला नव्हता. ते काम घरच्यांनी एका दुपारी पोह्यांच्या बशीवर उरकलं. हा भाग जितेंद्र सांगत नाही, मिनल सांगते.

हिंगण्याच्या एमआयडीसीत तिचं एक छोटं युनिट आहे. तिथे कूलरचे रिमोट तयार होतात. नागपुरात मार्च सरत आला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतो, त्याच्या गवताच्या ताट्या बदलतात, पंप खरवडून साफ होतो, आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर त्याची स्थापना होते. पुढचे तीन महिने घरात शब्द चालतो तो त्याचाच. पूर्वी कूलरला तीन बटणं असत आणि ती दाबायला घरातला सगळ्यात गरीब माणूस उठत असे. आता लोकांना रिमोट लागतो. शहरातले कूलर बनवणारे तो मिनलकडून घेतात.

रिमोटचा सगळा जीव एका दिव्यात असतो. दिवा म्हणायचा, पण त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो इन्फ्रारेड. पूर्वी हा दिवा दोन तारांच्या पायांवर उभा असायचा, पाय वाकवून हाताने कथलाचा डाग द्यावा लागायचा. आता बिनपायाचे एलईडी निघालेत, तिळाएवढे. ते बोर्डावर सपाट चिकटतात आणि काम मशीन करतं. या हंगामात मिनल जुने सोडून नव्यांवर येणार होती. मालवाल्यांनी नमुन्यांच्या पट्ट्या पाठवल्या होत्या आणि तिने भेंडीसारखे ते निवडायला घेतले होते.

आता न दिसणारा उजेड तपासायचा कसा? त्याची युक्ती सीताबर्डीचा कुठलाही रिपेअरवाला सांगेल. मोबाईलचा कॅमेरा समोर धरायचा. डोळ्यांना जिथे काळोख, तिथे कॅमेऱ्यात जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. मिनलच्या युनिटमध्ये तर हा रिवाजच झाला होता. लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या प्रमोदिनीताई आपला मोबाईल काढत, डोळे बारीक करत आणि निकाल देत.

पहिल्या पट्टीतला एलईडी नुसत्या डोळ्यांनाही अंधुक लाल दिसत होता. प्रमोदिनीताई त्याच्यावर लट्टूच झाल्या.

"मॅडम, हा पाहा कसा इंगळावानी दिसून राहिला. गिऱ्हाइकाले समजते तरी, का चालू आहे म्हणून."

"ताई, गिऱ्हाइकाला समजून काय फायदा? कूलरमधल्या डोळ्याला समजलं पाहिजे ना," मिनल म्हणाली. कूलरमध्ये जो टिपणारा डोळा बसवलेला असतो, तो ठरावीक जातीच्याच उजेडाला नीट ओळखतो, आणि हा लालसर त्या जातीचा नव्हता. तो बाद झाला. इथवर भेंडीवाली मिनल शाबूत होती.

घोळ दुसऱ्या पट्टीने केला. त्या एलईडीवर पाण्याच्या थेंबासारखं इवलंसं भिंग होतं. कॅमेऱ्यात तो असा झळकला की प्रमोदिनीताईंनी मोबाईल लांब धरला. माहितीच्या कागदावर त्याच्या तेजाचा आकडाही बाकीच्यांच्या कितीतरी पट. आणि आकडा मोठा दिसला की आपल्या लोकांचा जीव विरघळतो. मोबाईल घेताना मेगापिक्सेल, टाकी घेताना लिटर, मुलगा बघताना पॅकेज. मिनलही शेवटी आपल्यातलीच. शेडच्या एका टोकाला कूलर ठेवला, दुसऱ्या टोकाला प्रमोदिनीताई उभ्या राहिल्या, हात ताठ करून त्यांनी बटण दाबलं आणि कूलर थांबला. पुन्हा दाबलं, सुरू झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या, मिनलने सगळ्यांसाठी आलूबोंडे मागवले आणि या दिव्यावर मनातल्या मनात शिक्का मारून टाकला.

आता तिच्या वडिलांकडे वळलं पाहिजे, कारण हा शिक्का पुसला तो त्यांनीच.

चंपतराव सावनेरकडच्या एका गावचे. कापूस, तूर, थोडी संत्र्याची झाडं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कोळशाच्या खाणीत पाळ्या करतो. होळीच्या सुमारास चंपतरावांना लकवा मारला आणि उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, जीभही बरीचशी सुटली, हात मात्र पडूनच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, हाताला जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल, व्यायाम एक दिवसही चुकवू नका. गावात व्यायाम करून घेणारं कोण? म्हणून मिनलने त्यांना नागपूरला आणलं. रोज सकाळी एक मुलगी येऊन हातापायांचे व्यायाम करून घ्यायची आणि जाताना म्हणायची, "आजोबा, अंगठा हलवायचा बरं का." आजोबा तिच्याकडे असे बघत, की जणू तिने त्यांना नाचायला सांगितलंय.

पण चंपतराव जुन्या रीतीचे. लेकीच्या घरी पाहुणचार दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी बापाने आपली पिशवी उचलावी, असं मानणारे. त्यात हा गृहस्थ जन्मात कुणाला हाक मारून काम सांगणारा नव्हे. एकदा बैल उधळून गाडी नाल्यात गेली, तर यांनी बांधावरच्या माणसाला आवाज दिला नाही. तो आपण होऊन धावत आला, तर त्याच्यावरच डाफरले. असा माणूस आता पडल्या पडल्या दुसऱ्याच्या हातून पाणी पीत होता.

त्यांची खोली लांबट, अरुंद. खिडकी एकच, दक्षिणेच्या भिंतीला, आणि त्या खिडकीत कूलर. पलंग आडवा टाकला तर दार उघडत नाही, म्हणून उभाच टाकायचा. आणि उभा टाकला की डोकं कुठे करायचं हा प्रश्नच नाही. दक्षिणेकडे पाय करून जिता माणूस झोपत नाही. तसं फक्त मढ्याला ठेवतात. म्हणून चंपतरावांचं डोकं दक्षिणेला, आणि कूलर थेट डोक्यामागे.

मे महिना लागला. एका दुपारी मिनल लवकर घरी आली, तर कूलर फुल स्पीडवर आणि चंपतराव डाव्या हाताने चादर नाकापर्यंत ओढून कुडकुडत पडलेले. जितेंद्र पलीकडच्याच खोलीत लॅपटॉपवर काम करत होता.

"बाबा, जितेंद्रला आवाज का नाही दिला?"

"जवायाले काहून उठवू? काम करून राहिले ते."

"अहो, पण थंडीनं काकडून गेले तुम्ही!"

"आपोआप होते बरोबर," चंपतराव म्हणाले. म्हणजे दुपार टळून गेली की होते, असा त्याचा अर्थ. मिनलने आधी जाऊन कूलर कमी केला. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि आत तिचा बाप संकोचापायी गारठत होता.

तिने म्हटलं, पलंग फिरवू या. पाय कूलरकडे केले की कूलर समोर दिसेल, वारंही डोक्याला लागणार नाही. चंपतराव एकदम गरजले. लकव्यानंतर एवढा मोठा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"दक्षिणेले पाय करतं? मी अजून गेलो नाही वं! गेलो म्हणजे मंग जसा पाहिजे तसा फिरवजो!"

पलंग आहे तिथेच राहिला. मग जितेंद्रने बाजारातून एक बोलता डबा आणला. त्याला तोंडाने हुकूम सोडायचा, तो कूलर चालू-बंद करतो म्हणे. चंपतरावांनी त्याला शहाण्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "कमी कर ना गा जरासा." डब्याने दिल्लीचं हवामान सांगितलं. पुन्हा सांगितलं, तर एक हिंदी गाणं लावलं. "याले घरात कोन घेतलं?" एवढंच विचारून चंपतरावांनी मान फिरवली. डबा परत गेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी पिशवी भरायला लावली. खताच्या कंपनीचं नाव छापलेली ती पिशवी, त्यात दोन धोतरं, एक बंडी आणि आडकित्ता. दाराच्या खुंटीला ती लटकली.

"रविवारी मले सोडून दे सावनेरले. लेकीच्या घरी किती दिवस पडून राहू?"

"आणि व्यायाम?"

"आता झाला तेवढा बस झाला."

मिनलला भांडताही येईना. बाप हट्टाने जातोय हे तिला कळत होतं, आणि तो हट्टाने जातोय म्हणून त्याचा हात कायमचा जाईल हेही. जितेंद्र म्हणाला, "तुझ्या नव्या रिमोटचा एक नमुना त्यांना देऊन बघ की. हाक मारायची गरजच नको." मिनलने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा तो हाच.

दुसऱ्या दिवशी तिने नव्या एलईडीचा रिमोट आणला आणि चंपतरावांच्या डाव्या हातात दिला. मोठी बटणं, स्पष्ट खुणा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मिनल समोर उभी होती, चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोरीसारखा भाव. फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली आणि परत येऊन तिने विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे," चंपतराव म्हणाले आणि तो उशीखाली ठेवून दिला.

ती खूश झाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन बघते, तर कूलर फुल, चादर नाकापर्यंत, रिमोट उशीखाली आणि पिशवी खुंटीला. सेल उतरले असतील म्हणून तिने रिमोट उचलला, कूलरकडे धरला, दाबला. कूलर एका झटक्यात बंद झाला. पुन्हा दाबला, चालू झाला. ती चक्रावली. बाबांना बटण दाबता येत नाही का? डाव्या हाताने तर ते सुपारी कातरतात.

शनिवारी सकाळी जितेंद्र सासऱ्यांना आंघोळीला घेऊन गेला. मिनल चादर बदलत होती. बदलता बदलता ती थांबली, आणि काय मनात आलं कोण जाणे, बाबांच्या जागी पाठीवर आडवी झाली. डोकं दक्षिणेला, त्यांच्याच उशीवर. रिमोट डाव्या हातात. बाबांचा डावा खांदा कापसाची गाठोडी वाहून कधीचा आखडलाय, हात छातीच्या वर जात नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनेही हात छातीवरच ठेवला. समोर उत्तरेची भिंत, भिंतीवर कॅलेंडर. रिमोटचं तोंड कॅलेंडरकडे. तिने बटण दाबलं.

डोक्यामागे कूलर घरघरत राहिला.

तिने जरा तिरका धरून दाबला, भिंतीकडे धरून दाबला. काही नाही. कूलर दिसतही नव्हता. दाबून दाबून अंगठा दुखला, तेव्हा बाबांनी किती वेळा दाबला असेल हे तिच्या लक्षात आलं. आणि एवढं करून ते म्हणाले, चांगला आहे. लेकीने केलेली वस्तू म्हणून चांगला. मिनलला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

चूक आता तिला आरशासारखी लख्ख दिसत होती. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण पडते एकाच जागी. त्या भिंगवाल्या दिव्याने तेच केलं होतं: सगळा उजेड मुठीत धरून सरळ समोर फेकला होता. म्हणून आकडा मोठा, म्हणून कॅमेऱ्यात झळाळी, म्हणून शेडमध्ये टाळ्या. तपासणारे सगळे कसे? उभे, धडधाकट, हात ताठ करून कूलरच्या डोळ्याला डोळा भिडवणारे. पाठीवर पडून कुणी तपासलंच नव्हतं.

आंघोळ आटोपेपर्यंत ती पायात चप्पल सरकवून हिंगण्याच्या वाटेला लागली होती.

नमुन्यांत एक चपटा एलईडी पडून होता. त्याला भिंग नाही, तोंड सरळ वर, आणि उजेड चहूकडे उधळलेला. आकडा इतका लहान की पहिल्याच दिवशी त्याला बाजूला सारलं होतं. मिनलने तो बोर्डावर बसवायला सांगितला. प्रमोदिनीताईंनी मोबाईल धरला आणि नाक मुरडलं.

"मॅडम, हा तर मेल्यावानी दिसून राहिला."

"ताई, तुम्ही त्या पॅकिंगच्या टेबलावर झोपा."

"अं?"

"उताण्या. डोकं कूलरकडे करून."

प्रमोदिनीताईंनी आजूबाजूला पाहिलं, पदर खोचला आणि टेबलावर आडव्या झाल्या. बायांमध्ये खसखस पिकली. रिमोट त्यांच्या पोटावर ठेवला. "दाबा," मिनल म्हणाली. त्यांनी दाबलं. कूलर ढिम्म.

"म्हणलं होतं ना मी," प्रमोदिनीताई छताकडे बघत म्हणाल्या.

पण मिनल आता भेंडीवाली मिनल झाली होती. शेडचं छप्पर उंच, उजेड त्याच्यावर आपटून कूलरच्या डोळ्यापर्यंत परत यायचा तर त्यात दम हवा. तिने एकाचे दोन एलईडी केले, एक छताकडे बघणारा आणि एक पुढे. नाण्यासारखा सपाट सेल काढून दोन पेन्सिल सेल घातले आणि बटण दाबल्यावर दिव्यात क्षणभर जाणारा विजेचा झटका वाढवला. छताकडच्या दिव्याची जागा बदलून कोपऱ्यात नेली, म्हणजे अंगठ्याखाली तो झाकला जाऊ नये. या सगळ्यात प्रमोदिनीताई टेबलावरून तीनदा उठल्या आणि तीनदा झोपल्या. चौथ्यांदा त्यांनी दाबलं आणि डोक्यामागची घरघर थांबली. त्या पडल्या पडल्याच ओरडल्या, "अवो बाप्पा! पाहिल्याबिगर बंद झाला!" मग उठायचं विसरून त्यांनी तो चालू-बंद करत राहण्याचा सपाटा लावला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ताई, उठता का आता, का बिछाना आणू?"

दुपारी मिनल घरी आली. या वेळी तिने काही सांगितलं नाही, समोर उभी राहिली नाही, कसा आहे म्हणून विचारलंही नाही. जुना रिमोट उशीखालून काढला आणि नवा चंपतरावांच्या कुशीपाशी, गादीवर ठेवला.

"इकडे तिकडे धरायची गरज नाही, बाबा. जिथं आहे तिथंच राहू द्यायचा अन् दाबायचा."

चंपतरावांनी छताकडे बघत "हूं" केलं. उद्या रविवार होता. गाडीचं जितेंद्रशी त्यांचं सकाळीच बोलणं झालं होतं.

मिनलने पलंगाच्या पायथ्याशी चटई टाकली आणि भिंतीला टेकून बसली. कूलरचा वारा खोलीभर फिरून सरळ तिच्यावर येत होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बाबा काय करतात ते बघू, असं म्हणत म्हणत तिचे डोळे कधी मिटले, तिला कळलं नाही.

जाग आली ती शांततेने. घरघर कुठेतरी लांब गेल्यासारखी वाटली. लाइट गेली काय, म्हणून तिने वर पाहिलं, तर पंखा फिरत होता. कूलरही चालू होता, पण सगळ्यात हळू. आपण गुडघे पोटाशी घेऊन चटईवर मुटकुळं करून पडलोय आणि पदर अंगाभोवती घट्ट ओढलाय, हे तिला तेव्हा उमजलं.

ती उठून बसली. चंपतराव जागे होते. डावा हात त्यांच्या छातीवर होता, मोकळाच. रिमोट होता उजव्या हाताखाली. होळीपासून निपचित पडलेल्या हाताखाली. अंगठा बटणावर तसाच टेकलेला होता, आणि तो किंचित थरथरत होता.

मिनल चटईवरून पलंगाच्या काठाशी सरकली.

"आखडून गेली होतीस तू," चंपतराव म्हणाले. "म्हणून कमी केला."

"बाबा, कोणत्या हातानं?"

"हातानंच. पायानं करीन काय?"

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. चंपतरावांना असलं काही बघायची सवय नव्हती. त्यांनी मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं, मग दाराकडे, खुंटीकडे.

"रडून काय राहिलीस वं?" ते म्हणाले. "ऊठ. त्या पिशवीतले धोतरं काढून कपाटात ठेव. चुरगळून राहिले."